गोठ्यातला विंचू

मराठी भाषेनं मामा या प्राण्यावर फार अन्याय केलेला आहे. मावशीसाठी 'माय मरो, मावशी जगो' अशी, जराशी क्रूर का होईना, पण सोय आहे. आत्याबाईला निदान मिशांची शक्यता तरी बहाल केलेली आहे. मामाच्या वाट्याला मात्र 'मामा बनवणे' हा एकच वाक्प्रचार आला. फसलेल्या माणसाचा कुणी काका बनवत नाही, आजोबा बनवत नाही. बनतो तो मामाच. यामागे समस्त भाचेमंडळींचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव असला पाहिजे.

हे सगळं मला आठवायला हवं होतं ते २०२४ च्या मार्च महिन्यात, डोंबिवलीहून भाच्याचा फोन आला तेव्हा.

"मामा, तुझा गोठा रिकामाच आहे ना?"

आता तानशासारख्या गावात राहणाऱ्या सत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षकाकडे रिकामं असं दोनच गोष्टी असतात. एक वेळ आणि दुसरा गोठा. शेवटची बैलजोडी गेल्यापासून गोठ्यात एक मोडकी खाट, दोन कणगी आणि मी वर्गात वापरत असे तो लाकडी कंपास एवढाच ऐवज होता. मी "हो" म्हणालो. मला वाटलं, हा गाय घेतोय. शहरातल्या मुलांना चाळिशी जवळ आली की गाय पाळायचे झटके येतात.

"गाय नाही रे, गाडी ठेवायचीय. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच जागा. तिथे रोजची गाडी उभी असते. ही जपून ठेवायची आहे. गुंतवणूक म्हणून. सोन्यापेक्षा बरी!"

सोन्यापेक्षा बरी वस्तू बँकेच्या लॉकरऐवजी मामाच्या गोठ्यात ठेवणारा भाचा मला तरी माहीत नव्हता. मी भारावून गेलो. मामा बनण्याची ही पहिली पायरी.

पुढच्या रविवारी गाडी आली. ती दिसण्याआधी ऐकू आली. आटगावहून आमच्याकडे येणारा रस्ता जंगलातून वळणं घेत येतो आणि गावात शिरला की दर चार घरांमागे एक गतिरोधक. भाचेबुवा प्रत्येक गतिरोधकावर गाडी तिरकी करून, एकेक चाक अलगद उचलून, नवी नवरी उंबरठ्यावरचं माप ओलांडते त्या नाजुकपणे येत होते. मागे पोरांची वरात होतीच.

गाडी पांढरी. अंगावर लाल पट्टे. आणि नाकाच्या शेंड्यावर, जिथे माणसं देवाचं चित्र लावतात तिथे, चक्क विंचू!

आमच्या हिनं आरतीचं तबक आणलं होतं. विंचू बघून तिचा हात आपोआप पायातल्या चपलेकडे गेला. आमच्या भागात विंचवाच्या स्वागताची पद्धत तीच आहे.

"मामी, ते गाडीचं चिन्ह आहे," भाच्यानं घाईघाईनं खुलासा केला. "कार्लो अबार्थ म्हणून एक गृहस्थ होते. जन्म १९०८ च्या नोव्हेंबरातला, व्हिएन्नाचा. त्यांची रास वृश्चिक. म्हणून त्यांनी गाडीवर विंचू लावला."

पत्रिका बघून गाडीचं चिन्ह ठरवणारा माणूस म्हटल्यावर हिचं मत एकदम बदललं. तिनं विंचवाला कुंकू लावलं.

गाडीचं नाव अबार्थ पुंटो. घराणं इटलीचं, फियाटचं. पण जन्म पुण्याजवळ रांजणगावचा. म्हणजे अष्टविनायकांतल्या महागणपतीच्या गावचा. २०१५ च्या ऑक्टोबरात ही गाडी बाजारात आली, तेव्हा दिल्लीच्या दुकानातली किंमत ९ लाख ९५ हजार. ताकद १४५ अश्वशक्ती. भाच्याची २०१६ सालची, अर्थात दुसऱ्या हाताची. दहा लाखांच्या आत एवढे घोडे त्या वेळी दुसरं कुणी देत नव्हतं, असं तो म्हणाला. मी मनात हिशेब केला. एका घोड्याला सात हजारही पडत नाहीत. आमच्याकडे त्या भावात बरी शेळी मिळत नाही.

"पण स्पोर्ट्स कार म्हणालास ना? मग हिला पाच दारं कशी? चित्रात तर दोनच असतात."

"मामा, ही खेळाडू आहे, पण संसारी. मागे आपली माणसं बसू शकतात."

'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मी पस्तीस वर्षं वर्गात शिकवली. विंचवाचं बिऱ्हाड आपल्या पाठीवर येणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं.

संध्याकाळी चहा घेताना भाच्यानं मला गुंतवणुकीचं तत्त्वज्ञान सांगितलं. ते मी इथे थोडक्यात देतो, कारण ते अगदीच टाकाऊ नाही.

त्याचं म्हणणं असं. बारा वर्षांचा एखादा मुलगा असतो. तो एका गाडीच्या प्रेमात पडतो. तिचं चित्र भिंतीवर लावतो. त्या वयात ती त्याला मिळणं शक्यच नसतं. पुढे तो शिकतो, नोकरीला लागतो, घराचे हप्ते भरतो. चाळिशीच्या सुमाराला हातात चार पैसे खुळखुळायला लागले, की तो ती गाडी शोधत निघतो. तोपर्यंत तिच्यातल्या बहुतेक भंगारात गेलेल्या असतात. माल संपलेला आणि गिऱ्हाईक जागं झालेलं! मग किंमत वर जाणार नाही तर काय होईल?

"१९६२ साली फेरारीनं एक गाडी काढली, २५० जीटीओ. सगळ्या मिळून छत्तीस. त्यातली एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात गेली. किती? ४ कोटी ८४ लाख डॉलर!"

"फेरारीचं सोड. ती जन्मली तेव्हाही श्रीमंताघरचीच होती. आपली पडली मध्यमवर्गीय. मध्यमवर्गीयाला म्हातारपणी भाव येतो, असं मला तरी अजून दिसलेलं नाही."

"बरं, मध्यमवर्गीय घे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय, १९७६. साधी घरगुती गाडी, आत इंजिन तेवढं दांडगं. कंपनीला वाटलं होतं, पाच हजार खपल्या तरी खूप. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांवर खपल्या. तरी आज तिची मूळ रूपातली चांगली गाडी शोधत लोक हिंडतात."

"साडेचार लाख म्हणजे दुर्मिळ?"

"काढल्या किती ते विचारू नकोस मामा, उरल्या किती ते विचार."

स्वस्त स्पोर्ट्स कार ही मुळातच अल्पायुषी, हा त्याचा सिद्धान्त. महागडी गाडी म्हातारे विकत घेतात आणि पुसत बसतात. स्वस्त गाडी तरुण घेतात आणि तरुणासारखी चालवतात. त्यामुळे काही झाडाला भेटतात, काही दुभाजकाला. उरतात त्यांना दुसरा मालक फटफटणारा सायलेन्सर लावतो, तिसरा रंग बदलतो, चौथा विकून लग्न करतो. जशी जन्मली तशी राहिलेली शंभरात एखादी. "आणि आपली ती एखादी!" असं म्हणून त्यानं गोठ्याकडे बघितलं.

मला हा सिद्धान्त पटत चालला होता. पण गणिताच्या मास्तराला उलट बाजू तपासल्याशिवाय चैन पडत नाही. मी म्हटलं, "आणि सगळेच जपायला लागले तर?"

इथे मात्र तो जरा गप्प झाला. कारण त्याचंही उदाहरण त्याच्याकडे होतं आणि तो प्रामाणिक मुलगा आहे. माझदानं १९८९ साली मियाटा नावाची दोन माणसांची उघडी गाडी काढली. परवडणारी, मजेची. लोकांना ती इतकी आवडली की २०१६ साली दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. जिच्यावर दहा लाख माणसं जीव टाकतात, ती दुर्मिळ कशी व्हायची? चाकणची पोलो जीटी तशीच. २०२२ साली पोलो बंद होताच हळहळणाऱ्यांची रांग लागली. आता त्यातल्या कितीतरी जण आपापल्या गाडीवर पांघरूण घालून भाव चढायची वाट बघत बसलेत.

म्हणजे बघा, वस्तू दुर्मिळ होते ती जपणाऱ्यांमुळे नाही, टाकून देणाऱ्यांमुळे. प्रत्येक हुशार संग्राहकामागे हजार बेफिकीर माणसं उभी असावी लागतात. त्या हजारांचे आभार कुणी मानत नाही.

मला हे एवढ्या खात्रीनं सांगता येतं, कारण त्या हजारांतला मी एक आहे.

१९८५ साली मी कल्याणच्या एका डॉक्टरांकडून पद्मिनी घेतली. १९७६ सालची, हिरवी. मूळची ही फियाट ११००. कुर्ल्याला बनायची, १९७४ च्या सुमाराला तिची 'प्रीमियर पद्मिनी' झाली. नवीसाठी नाव नोंदवलं तर नंबर लागेपर्यंत मुलगी लग्नाची होई, असा तो काळ. गिअर स्टिअरिंगला. पुढे तीन, मागे पाच आणि मांडीवर जमतील तेवढे. त्या गाडीनं काय काय वाहिलं! भाताची पोती, शाळेच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका, सत्यनारायणाचे केळीचे खांब, एकदा एक बोकड. माझी धाकटी बहीण त्याच गाडीतून सासरी गेली. १९८८ साली कल्याणच्या प्रसूतिगृहातून हाच भाचा, बारा दिवसांचा, त्याच गाडीतून घरी आला. पुढे दर मे महिन्यात आणि दिवाळीत मी त्या दोघांना आणायला डोंबिवलीला जात असे.

१९९९ च्या दिवाळीत मी ती भंगारवाल्याला सात हजारांना दिली. खरं तर सहा हजार नऊशेला. मागच्या डाव्या दाराची काच खालीवर करायचं हँडल नव्हतं, म्हणून त्या माणसानं शंभर रुपये कापले. आदल्या दिवशीपर्यंत ते होतं! मी शेजारपाजारच्या पोरांना दम दिला, कोंबड्यांच्या खुराड्यात शोधलं, पण मिळालं नाही. सात हजारांची गाडी गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. शंभर रुपये गेल्याची रुखरुख मात्र पंचवीस वर्षं राहिली. मध्यमवर्गीय माणसाचं दुःखही हप्त्यानं परवडेल एवढंच असतं.

पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. एक तरी टॅक्सी जपून ठेवा, अशी मागणी झाली. हजारो गाड्या भंगारात घालून झाल्यावर एक जपायची! मी पेपर वाचून हिला म्हटलं, "आपली असती तर!" ही म्हणाली, "आपली असती तर त्यात आज कोंबड्या असत्या." बायकोच्या बोलण्यात गुंतवणूक सल्लागारापेक्षा तथ्य असतं.

तर परत भाच्याच्या तत्त्वज्ञानाकडे. मी कागद-पेन्सिल घेतली. गाडी २०१६ ची. पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंत. मग दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवायची आणि पर्यावरण कर भरायचा. केंद्र सरकारनं २०२१ साली नियम केला आहे, त्याप्रमाणे पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये भरायचे. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. म्हणजे सात वेळा नोंदणी वाढवल्यावर २०६६ साली या विंचवाला म्हातारपणाचं सर्टिफिकेट मिळणार. मी तेव्हा एकशेबारा वर्षांचा असेन.

"मामा, तुझी तब्येत छान आहे," भाचा म्हणाला.

"आणि एकदा ते मिळालं की?"

"मग ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यासाठीच."

"म्हणजे पन्नास वर्षं चालवायची नाही, जपायची. आणि पन्नास वर्षांनी सरकार लेखी देणार की, शाबास, आता चालवू नका!"

यावर त्यानं चहाचा आणखी एक कप मागितला.

जाताना त्यानं मला एक वही दिली. पहिल्या पानावर : 'किलोमीटर ३८,४१२.' खाली नियम. दर पंधरा दिवसांनी इंजिन सुरू करून पंधरा मिनिटं ठेवणे. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून गाडी वीतभर पुढे, वीतभर मागे करणे. हवा तपासणे. पांघरूण घालणे. कोंबड्यांना मज्जाव. मांजराला तर मुळीच आत येऊ न देणे, कारण ओरखडे पडतात. आणि शेवटी लाल शाईत, दोनदा अधोरेखित : 'चालवू नये.'

मला दर नोव्हेंबरात पेन्शनीसाठी मी जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. गाडीला तो दर पाच वर्षांनी. म्हणजे माझ्यापेक्षा तिची शाश्वती सरकारला पाचपट अधिक. या न्यायानं मी तिची सेवा सुरू केली.

गाव मात्र बुचकळ्यात पडलं. शेजारचे तात्या दोन दिवस बघत होते. तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात येऊन बसले. तात्यांनी उभी हयात मुरबाडजवळच्या म्हशाच्या यात्रेत बैल घेण्या-विकण्यात घालवलेली. बैलाचे दात, वशिंड, खूर बघून ते त्याची कुंडली मांडतात. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायर बोटानं दाबून बघितले.

"गुरुजी, हिला काय झालंय?"

"काही नाही झालेलं."

"मंग हिंडत का नाय?"

"किंमत वाढावी म्हणून ठेवलीय, तात्या."

तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. तंबाखू मळून होईपर्यंत ते मत देत नाहीत. पुष्कळ वक्त्यांनी हे शिकण्यासारखं आहे.

"आता शर्यतीचा बैल बघा. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं शर्यतीला हो म्हटल्यापास्नं त्याला भाव हाय. त्याला नांगराला नाय जुंपायचा, ह्ये खरं. त्याच्या पाठीवर घोंगडी घाला, अंडी चारा, समदं करा. पन त्याला हिंडवावा लागतो. दावणीलाच ठेवला की अंगावर मांस चढतं, पाय जातात. मंग म्हशाला न्या नायतर कुठं न्या, त्याला कोन इचारीत नाय."

गावाकडची स्वस्त स्पोर्ट्स कार म्हणजे शर्यतीचा बैल, हे माझ्या तोपर्यंत लक्षात आलं नव्हतं. ही उपमा मी भाच्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला, "मामा, गाडीला खूर नसतात." तात्यांना त्याचा निरोप सांगितला. ते म्हणाले, "नसतील. पन पाय जातात."

पाऊस आला. तानशाचा पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरजावई. जूनमध्ये येतो आणि दसऱ्यापर्यंत हलत नाही. शेतातली बिळं पाण्यानं भरली, की घुशी कोरड्या जागेच्या शोधात निघतात. आमच्या गोठ्यात यंदा मांजराला बंदी. वर उबदार पांघरूण. घुशींच्या दृष्टीनं याहून सोयीचं विश्रामगृह तानसा अभयारण्यात नव्हतं. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी नियमाप्रमाणे किल्ली फिरवली, तर १४५ घोड्यांपैकी एकही खिंकाळला नाही. झाकण उघडलं. आत वायरींचा भुगा, भाताचं तूस आणि घुशीचा संसार. जी गाडी झाडापासून, दुभाजकापासून, तरुण मुलांपासून वाचवली, ती घुशीनं खाल्ली.

मी भीत भीत फोन केला. मला वाटलं, आता व्याजासकट ऐकून घ्यावं लागणार. तो फक्त एवढंच म्हणाला, "शनिवारी येतो."

शनिवारी तो शहापूरहून एका मेकॅनिकला घेऊन आला. मेकॅनिक पोरगेला, हुशार. पाच तास खपून त्यानं सगळ्या वायरी नव्यानं जोडल्या. मध्येच पुढचा कप्पा रिकामा करायला लागला. त्यानं त्यातलं एकेक खाटेवर काढून ठेवलं. पीयूसीचा कागद, पुसायचं फडकं, बॅटरी, आणि हातभर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. त्यानं ते उलगडलं, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हे या गाडीचं नाही."

ते या गाडीचं नव्हतंच. ते मागच्या डाव्या दाराचं होतं. काच खालीवर करायचं हँडल!

पस्तीस वर्षं मास्तरकी केल्यावर एक गोष्ट कमावता येते. चोरी सापडलेल्या मुलाचा चेहरा लांबून ओळखता येतो, मग तो मुलगा छत्तीस वर्षांचा आणि टक्कल पडू लागलेला असला तरी.

"अकरा वर्षांचा होतो मी," तो म्हणाला. "तू गाडी देणार आहेस हे रात्री कळलं. सकाळी उठून काढलं."

मी काही बोललो नाही. मेकॅनिक फार समजूतदार. तो पान्हा शोधायला बाहेर गेला.

"मला गाडी लागायची ना, मामा. आई मला घेऊन मागे डावीकडेच बसायची. आटगाव आलं, की काच खाली करायची. म्हणायची, तानशाचं वारं आलं बघ, आता नाही व्हायची उलटी. आणि खरंच व्हायची नाही."

माझी बहीण २०२१ साली गेली. तिच्याबद्दल आम्ही दोघं फारसं बोलत नाही. आमच्या घराण्यात दुःख झालं की माणसं पावसाबद्दल बोलतात. मी बाहेर बघितलं आणि म्हटलं, "यंदा लावणी वेळेवर होणार."

"हो," तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं सांगितलं. आई गेल्यावर तो वर्षभर पद्मिनी शोधत हिंडला. हिरवी. मिळत होत्या, नव्या रंगाच्या, नव्या गाद्यांच्या, चकचकीत. आम्ही सात हजारांना दिली तशाला लोक लाखांत मागत होते. तो बघायला जायचा, मागे डावीकडे बसून बघायचा, आणि परत यायचा. प्रत्येकीला हँडल होतं! मग कंटाळून त्यानं हिच्या इटालियन भाचीला घरी आणलं. गुंतवणूक वगैरे नंतर सुचलं. घरात सांगायला काहीतरी कारण लागतंच.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चहा पिताना त्यानं सांगितलेला तो बारा वर्षांचा मुलगा! भिंतीवर चित्र लावणारा, चाळिशीला गाडी शोधत निघणारा! सिद्धान्त बरोबर होता. फक्त त्या भिंतीवरचं चित्र फेरारीचं नव्हतं, माझ्या सात हजारांच्या पद्मिनीचं होतं. आणि ती भंगारात घालणारा बेफिकीर माणूस मीच होतो.

परवडणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या पुढे संग्राह्य होतील का, असं मला आता कुणी विचारलं तर मी सांगतो, होतील की. पण कुठली होईल ते त्या गाडीच्या इंजिनात लिहिलेलं नसतं. तिच्या मागच्या सीटवर कोण बसलं होतं, यावर ते ठरतं. १९९१ साली टाटांच्या पिंपरीच्या कारखान्यातून सिएरा निघाली. किती जणांना परवडली? पण शेजाऱ्याच्या सिएरात एकदा बसलेली मुलं तिला विसरली नाहीत, आणि २०२५ च्या नोव्हेंबरात टाटांनी त्याच नावाची नवी गाडी काढली. तेव्हा पांघरुणाखाली ठेवलेल्या गाडीवर कुणाचं काय म्हणून प्रेम बसावं? तिच्यात फक्त घुशीची पिल्लं वाढली. त्यांची चाळिशी येईपर्यंत थांबायचं म्हटलं, तरी ती विकत घ्यायला येतील असं वाटत नाही.

चार वाजता मेकॅनिकनं किल्ली फिरवली. गोठा हादरला, कोंबड्या उडाल्या, आणि सगळेच्या सगळे घोडे जागे झाले.

"मामा, बस," भाचा म्हणाला.

"वहीत लाल शाईनं लिहिलंय."

"बस रे."

मी पुढे बसलो. मागे डावीकडे ही, आणि उजवीकडे तात्या, 'पाय' कसे आहेत ते बघायला. आटगावपर्यंत गेलो आणि वळून परत आलो. पाऊस थांबला होता. येताना भाच्यानं मागच्या काचेचं बटण दाबलं. हल्ली हँडल फिरवावं लागत नाही. काच आपोआप खाली गेली आणि ओल्या जंगलाचं वारं आत आलं. कुणी काही बोललं नाही. तात्या तेवढे म्हणाले, "पळते."

घराकडे वळण्याआधी धरणाची भिंत दिसते तिथे तो थांबला. १८९२ सालचं हे धरण. काळ्या दगडाची लांबच लांब भिंत, सव्वाशेहून अधिक वर्षं उभी. आमच्या गावातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात मोठा संग्रह हाच. पण त्याच्यावर कुणी पांघरूण घातलेलं नाही. साठलेलं पाणी रोज नळांतून मुंबईला जातं. गेलं नसतं तर ते धरण कुणी राखलं असतं? भाचा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत होता. मी मास्तर असूनही उपदेश केला नाही, हे वाचकांनी नोंद करून ठेवावं.

रात्री त्यानं वही मागून घेतली. किलोमीटरच्या रकान्यात नवा आकडा लिहिला. लाल शाईतलं 'चालवू नये' खोडलं आणि खाली लिहिलं : 'दर रविवारी आटगावपर्यंत. मामीला घेऊन.' आणखी एक ओळ : 'मांजराला परवानगी.'

अशी आमच्या गुंतवणुकीची किंमत दर रविवारी थोडी थोडी कमी होते आहे. ही डावीकडे बसते आणि काच खाली करते. बोनेटवर मांजराचे चार ओरखडे आहेत. २०६६ साली सर्टिफिकेट द्यायला येणाऱ्या साहेबाला मी ते दाखवणार आहे.

ते हँडल मात्र आम्ही पुढच्या कप्प्यातच ठेवलंय. ते या गाडीचं नाही, या गाडीला बसत नाही, आणि जिला बसायचं ती कधीच वितळली. भंगारवाल्यानं १९९९ साली त्याची किंमत शंभर रुपये लावली होती. मध्यंतरी भाच्याचा एक मित्र आला होता. जुन्या गाड्यांचे सुटे भाग जमवायचा त्याला नाद. त्यानं ते हातात घेऊन विचारलं, "मामा, दोन हजारांना देता का?"

मी म्हटलं, "बाबा रे, दुसरा मामा बघ."